उंबराखालचा पाझर

या, असे जवळ सरका. मागं बसलेल्यांनी पुढं या, भिंतीला टेकलेल्यांनी जरा पाठ सोडा. एक गोष्ट सांगायची आहे आणि ती मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. टाळ राहू द्यात, पेटीही मिटा. नुसती ही बाटली बघा...

खोकल्याच्या औषधाची चपटी बाटली. अंगावर काचेतच उठवलेल्या मापाच्या सहा रेघा, बुचाच्या जागी चिंधीचा बोळा. चौकीच्या खिडकीत ती पहाटेपासून उभी आहे, कोणी हात लावलेला नाही, आणि आता ऊन चौकटीवरून घसरत नेमकं तिच्यात शिरलं आहे — पाणी आतून उजळलं आहे, आणि तळाशी, अगदी तळाशी, केसाच्या जाडीची एक पिवळी रेघ आहे.

काल नव्हती. परवा नव्हती. आषाढ सरता सरता पहिल्यांदा ही बाटली भरली तेव्हापासून, म्हणजे अडीच महिन्यांत, एकदाही नव्हती.

भीमण्णा बाटलीसमोर उकिडवा बसून होता. छप्पन्न वर्षांचा माणूस, त्यातली तीस वर्षं या बारामोरी तलावाचा चौकीदार. सोलापुरातून कुंभारीकडं निघालं की डाव्या हाताला हा तलाव लागतो. मातीचा बांध, शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा दुष्काळात लोकांनी पोटासाठी बांधलेला. सांडव्याला बारा मोऱ्या आहेत म्हणतात, मोजायला गेलं तर अकराच भरतात, आणि बारावी कुठं आहे यावर रविवारी फिरायला येणारी माणसं पोटभर वाद घालतात. बाटली हलली असेल. मीच हलवली असेल, बोळा बसवताना. नाहीतर बोळ्याचीच धूळ, चिंधी कुठली होती ती... त्यानं स्वतःलाच ही कारणं एकेक करून दिली आणि एकेक करून परत घेतली, कारण धूळ करडी असते. तलावाच्या पोटातला गाळ काळा असतो. वरच्या थराचा मुरूम तांबूस. आणि हे पिवळं — हे पिवळं त्याला डोळे मिटून नुसत्या बोटाच्या चिमटीत कळलं असतं. बांधाच्या गाभ्यात उभ्या भिंतीसारखी ठासून भरलेली चिकणमाती, जी त्याच्या आज्यानं गाढवांच्या पाठीवर घालून चार कोसांवरून आणली होती, खोऱ्यानं कालवली होती, बैलांच्या पायांखाली तुडवून घेतली होती. पाणी तिच्यापाशी येऊन थांबतं म्हणून बांध उभा असतो. ती माती शंभर वर्षांनी आपली जागा सोडून औषधाच्या बाटलीत येऊन बसली होती.

"अवो," आतल्या खोलीतून त्याची बायको सावित्रम्मा म्हणाली. "काय बगताय मगापासनं? बाटलीत कोण बसलंय?"

"कोण न्हाय."

"मग बोलताय कुणासंगं?"

तो बोलत होता हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं बाटली उचलली, परत ठेवली. खिडकीत बाटलीशेजारी तांब्या होता, घासून लख्ख केलेला, वर उंबराचं पान झाकलेलं. रोज पहाटे तो एकाच जागी एकदा वाकायचा आणि दोन भांडी भरायचा. बाटली तलावासाठी, तांब्या तिच्यासाठी. पाणी एकच. बाटलीतलं दुपारपर्यंत उभं ठेवून तळ बघायचा. तांब्यातलं, तळ न बघता, सकाळ-संध्याकाळ तिच्या ओठांना लावायचं.

आणि आज सकाळचं लावून झालं होतं.

बांधावर झाड वाढू द्यायचं नाही, हा बापानं शिकवलेला पहिला धडा. गवत चालतं, गवत म्हणजे बांधाची कातडी. म्हणून तर रविवारी पोरं मागच्या उतारावरून घसरगुंडी करायला लागली की तो काठी घेऊन धावायचा आणि पोरं त्याला "बांधाचा बाप" म्हणून चिडवत पळायची. पण झाड नाही. झाडाची मुळं ओल हुडकत आत जातात आणि मेली की आपल्या जाडीची पोकळी मागं ठेवून जातात. दर पावसाळ्यानंतर तो बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा, बाभळीचं एकेक रोप मुळासकट उपटायचा, खेकड्यांची आणि उंदरांची बिळं माती ठासून बुजवायचा. तीस वर्षांत हजारो रोपं उपटली असतील, एक सोडून.

त्या वर्षी सावित्रम्मा त्याच्यासोबत चालत होती. एकोणीस-वीस वर्षं झाली. पोटचा पोरगा तेव्हा तिच्या कडेवर होता. बांधाच्या मागच्या अंगाला, पायथ्याच्या जरासं वर, चार पानांचं एक रोप होतं. त्यानं हात घातला आणि ती म्हणाली, "हे नको. उंबर हाय." त्यानं सांगून बघितलं. ती म्हणाली, "दत्ताचं झाड उपटून घरात पोर वाढवायचं व्हय?" हात मागं आला. एवढंच झालं. एक हात मागं आला, आणि पुढच्या वर्षी रोप गुडघ्याएवढं झालं, मग छातीएवढं, आणि मग लोकांनी खाली दगड मांडून पार केला. अक्कलकोट रस्त्याच्या कारखान्यांतली मागावरची माणसं सुट्टीच्या दिवशी सायकली लावून तिथं बसू लागली, फडक्यातली कडक भाकरी न् शेंगाचटणी सोडू लागली, बाया धुतलेल्या चादरी दगडांवर वाळत घालून सावलीत पडू लागल्या. गुरुवारी खालच्या वस्तीतल्या मुक्ताबाईचं कीर्तन ठरलं. पाटबंधारे खात्याचे ओव्हरसियर आले, बदलले, दुसरे आले, त्यांनीही सावलीत बसून घाम पुसला. कागदात त्या झाडाचं नाव कधी आलं नाही.

मग बहात्तर साल. तलावाचा तळ भेगाळला, बांध वाळून कडकडला, माणसं खडी फोडायला गेली, आणि उंबर मात्र हिरवा राहिला. लोक हात जोडायचे — बघा, दत्तानं आपलं झाड जगवलं. भीमण्णाही हात जोडायचा. पण जोडताना कुठंतरी हेही यायचं मनात, की हा एवढा हिरवा राहतोय तर त्याचं मूळ कुठवर गेलं असेल... आणि तो विचार तो तसाच ठेवून द्यायचा, जसं आपण घरात एखादं गाठोडं न सोडता वळचणीला ठेवून देतो.

पुढची तीन वर्षं पाऊस तेवढ्यास तेवढा. यंदा, शहात्तरात, तलाव काठोकाठ भरला. भरल्याच्या नवव्या दिवशी उंबराच्या पायाशी ओल दिसली. पंधराव्या दिवशी मनगटाएवढ्या जागेतून पाणी वर आलं, थंड, नितळ, गोड.

त्याच आठवड्यात सावित्रम्माला मोठ्या दवाखान्यातून घरी आणलं होतं. डॉक्टरनं त्याला व्हरांड्यात बाजूला घेऊन सांगितलं होतं. पोटातली गाठ पसरली आहे, घरी न्या, खावंसं वाटेल ते द्या. महिना, फार तर दीड. डॉक्टर भला होता, सांगताना त्यानं भीमण्णाच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि भीमण्णा त्या हाताकडं बघत होता, बोलण्याकडं नाही.

तर त्याच आठवड्यातलं गुरुवारचं कीर्तन. मुक्ताबाई उभी होती, कमरेला पदर खोचलेला, सत्तरी उलटलेली बाई पण आवाज असा की पाण्यापल्याडचे बगळे उठावेत. ती आपल्या नेहमीच्या थट्टेत होती — "आमचा भीमण्णा बघा, कीर्तनाला येतो न् देवाकडं पाठ करून बसतो. का? तर पाण्याकडं तोंड पायजे. पाणी पळून गेलं तर सरकार विचारल." माणसं हसली. मग मागावरची एक बाई उठून म्हणाली की उंबराखाली पाणी फुटलंय, ही गंगाच म्हणायची का. आणि सगळी तोंडं त्याच्याकडं वळली. तलावाचा माणूस तो. मुक्ताबाईनंही टाळ थांबवला आणि विचारलं, "भीमण्णा, कुटलं रं पाणी हे?"

त्याला ठाऊक होतं. शाळकरी पोराला बेरीज ठाऊक असावी तसं ठाऊक होतं. पण घरात सावित्रम्मा भिंतीकडं तोंड करून पडलेली होती, तीन दिवस पेजसुद्धा पोटात ठरत नव्हती, आणि इथं शंभर माणसं त्याच्या तोंडाकडं अशा डोळ्यांनी बघत होती, की... तो म्हणाला, "देवाला ठाऊक."

खोटं नव्हतं ते. देवालाही ठाऊक होतंच की. पण लोकांनी हात जोडले, आणि त्या रात्री त्यानं पहिला तांब्या भरून नेला. तिनं घोट घेतला, आणि तो घोट पोटात ठरला.

महिना गेला. दीड गेला. दोन गेले. ती उठून बसू लागली, थोडी पेज, कधी अंबील. आणि भीमण्णाच्या मनात, कुणालाही न सांगता, स्वतःलाही धडपणे न सांगता, एक बांध उभा राहिला. पाझर नितळ आहे तोवर ती आहे. बापानं सांगितलं होतं — स्वच्छ पाझर म्हणजे बांधाला आलेला घाम, त्याला भ्यायचं नाही. गढूळ पाझर म्हणजे रक्त. म्हणून तो रोज बाटली भरायचा. दुपारच्या उन्हात तळ बघायचा. तळ स्वच्छ दिसला की त्याला आत, बरगड्यांच्या आत, कुणीतरी गाठ सैल केल्यासारखं व्हायचं आणि तो मनात म्हणायचा, आजचा दिवस मिळाला. बांधाचा की तिचा, हे तो वेगळं करत नव्हता.

आज वेगळं करावं लागणार होतं.

"मी बांदावर जाऊन येतो," तो म्हणाला.

"ओवरशेर यायचा हाय न्हवं आज? टोपी घाला. गेल्या बारीला बोडका गेलाव."

"घालतो."

"आन् पोराचं कागद आलं का बगा की वाटंत पोस्टमन भेटला तर. उजनीला लई काम हाय म्हनं. मोठं धरन." ती जरा थांबली, दम घेतला. "त्याच्या धरनाला तुमच्यासारखा कोण बाटली घेऊन बसनारा न्हाय."

तो दारातून म्हणाला, "तिथं मोठे मोठे रोलर फिरतात. बाटली कशाला."

ती हसली असावी. त्यानं वळून बघितलं नाही.

मागचा उतार उतरताना गवत ओलं होतं. वारा पडलेला, तलाव वर काठोकाठ, इथून दिसत नव्हता पण त्याचं वजन पाठीला जाणवत होतं. तीस वर्षांत कधी जाणवलं नव्हतं असं. पारावर कुणीतरी सकाळी वाहिलेली फुलं, विझलेली उदबत्ती. पाझराभोवती बायांनी गोट्यांचं गोल कुंड केलं होतं, हळदकुंकू लावलेलं. तो गुडघ्यावर बसला, कुंडातल्या पाण्यावरची पाकळी बाजूला केली.

पाणी जिथून वर येत होतं तिथं तळाशी एक लहानसा ढीग झाला होता, मुंगीच्या वारुळाएवढा, मध्ये भोक, आणि त्या भोकातून एकेक कण वर उडून सावकाश कडेला बसत होता. वर उडत होता, बसत होता. त्यानं बोट घातलं. कण बोटाभोवती फिरले. चिमटीत धरून त्यानं जिभेला लावलं — तीच. आज्याची माती.

नितळ होतं तेव्हाही आत हेच चाललं असणार, सावकाश, दिसण्याच्या आधी... तिच्या पोटातही तसंच. दिसत नव्हतं म्हणून नव्हतं असं नाही. ती उठून बसत होती, अंबील मागत होती, आणि आत कुठंतरी कण कण... नाही. हे वेगळं, ते वेगळं. माती माती असते आणि माणूस माणूस. मीच एक केलं ते. मीच. पण एक केलेलं आता सुटत कसं नाही?

"काय रं, देवाच्या डोळ्यात बोट घालतुयास व्हय?"

मुक्ताबाई केरसुणी घेऊन आली होती. गुरुवार, संध्याकाळच्या कीर्तनाआधी दुपारीच ती पार झाडून घ्यायची, कुणाला झाडू द्यायची नाही. तो उठला नाही. तिनं पार झाडायला घेतला, पानं गोळा केली, मध्येच कमरेवर हात ठेवून थांबली.

"सावित्रा कशी हाय?"

"हाय."

"काल तिच्यासाठी गव्हाच्या शेवया धाडल्या व्हत्या. खाल्ल्या का?"

"दोन घास."

"दोन म्हंजे लई झालं." केरसुणी पुन्हा फिरू लागली. "आता थंडी पडल. आमच्या घरात तर आत्ताच गारवा. तुझ्या बांदाच्या उशालाच घर न्हवं आमचं. लोक म्हन्त्यात, आक्का, तळ्याखाली झोपतीस, भ्या वाटत न्हाय का? म्हटलं, वर भीमण्णा हाय की जागा. मी कशाला जागू? मी आपली घोरते."

ती आपल्याच बोलण्यावर हसली आणि पानांचा ढीग उचलून पलीकडं टाकायला गेली.

तो तसाच बसून राहिला. बांधाच्या पायथ्याखाली ओढा, ओढ्याकाठी वस्ती — पंचवीसेक घरं, पत्र्याची, काही नुसत्या कुडाची. एका घरावर भोपळ्याचा वेल होता, ते मुक्ताबाईचं. दाराशी शेळी बांधलेली. एका अंगणात कुणीतरी रंगवलेलं सूत वाळत घातलं होतं, लाल, एवढ्या लांबून गुलालाच्या पट्ट्यासारखं. त्यानं ती घरं रोज बघितली होती. रोज. पण बाटलीच्या तळाशी बघताना ती कधी दिसली नव्हती. तिथं फक्त एकच अंथरूण दिसायचं. अडीच महिने या पंचवीस घरांच्या उशाशी मी बसलो आणि मोजली एकीचीच रात्र.

त्याला वाटलं, मुक्ताबाईला सांगावं. आक्का, हे तीर्थ नव्हे. हे माझं तोंड बंद ठेवणं आहे, थेंब थेंब. पण ती पाराच्या दगडाला पाणी लावून पदरानं पुसत होती, जसं लेकराचं तोंड पुसावं, आणि त्याच्या तोंडून आलं ते भलतंच.

"आक्का, देवाचं म्हणून घेतलं आन् मग कळलं की ते देवाचं न्हवतं... तर काय करायचं?"

तिनं वर बघितलं. थट्टा करील असं त्याला वाटलं. ती म्हणाली, "ज्याचं असंल त्याला जाऊन सांगायचं." आणि परत पुसायला लागली.

ओव्हरसियर तीनच्या सुमाराला आले. नवीन होते, वर्षही झालं नव्हतं. चाळिशीच्या आतले, चष्मा, मोटरसायकल वर बांधावर लावून उतरत आले. मुक्ताबाईला त्यांनी वाकून नमस्कार केला. मग पाराच्या कडेला टेकले, मांडीवर फाइल उघडली, पेनचं टोपण दातात धरलं.

"काय भीमण्णा, पाणी कितीवर?"

"सांडव्याच्या खाली चार बोटं, साहेब."

"पिचिंग? पाण्याकडचे दगड?"

"दोन दगड हलल्यात पूर्वेला. बसवून घेतो."

"बिळं?"

"बुजवली."

"पाझर स्वच्छ," साहेब स्वतःशीच म्हणाले आणि पेन कागदावर टेकलं, कारण दर वेळी हा प्रश्न असाच जायचा, विचारण्याआधी उत्तर लिहून. भीमण्णानं त्या पेनाकडं बघितलं. निळी शाई, 'स्व' झाला होता. अजून अक्षरं व्हायची होती. तेवढ्या वेळात काहीही न बोलता बसून राहता येईल. साहेब फाइल मिटतील, पाणी पितील, वर जातील. संध्याकाळी कीर्तन होईल. उद्या पहाटे मी वाकेन, दोन्ही भांडी भरेन. कदाचित उद्या रेघ नसेल... पंचवीस घरं. भोपळ्याचा वेल. ती घोरते म्हणाली. तीर्थ थांबलं की सावित्रा विचारील, आणि विचारलं की सांगावं लागेल, आणि सांगितलं की — की काय? की मग ती जाईल. हेच ना. मी बोललो की ती जाईल. मी गप्प राहिलो तरी...

"साहेब," तो म्हणाला. "खोडा ते."

"अं?"

"गढूळ हाय."

शब्द एवढा लहान होता. तोंडातून बाहेर पडला आणि काहीही झालं नाही, पारावर पान पडलं तेवढंच. साहेबांनी पेन थांबवलं. मग भीमण्णा बोलत राहिला, सरळ, हजेरी दिल्यासारखा. कधी सुरू झाला, किती होता, आज कण येतायत, पिवळे, गाभ्यातले. मुळाच्या वाटेनं येतायत. झाड मी ठेवलं, वीस वर्षांमागं, कुणी सांगितलं नव्हतं. अडीच महिने मला ठाऊक आहे. साहेब खाली कुंडाशी वाकले, चष्मा काढला, पुन्हा घातला. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज चढला नाही.

"कालव्याची मोरी आत्ताच्या आत्ता पूर्ण उघडायची," ते म्हणाले. "पाणी उतरवू. इथं वाळू, मग बारीक खडी, मग मोठी, असं दाबून घालायचं, पाणी येऊ दे पण माती यायला नको. वस्तीला आज रात्री उंचावर, देवळाच्या माळावर हलवू. झाड..." ते अडखळले. "झाडाला आत्ता हात नाही लावायचा. पाणी उतरलं की मग बघू."

मुक्ताबाई ऐकत उभी होती. केरसुणी हातातच. तिनं कुंडाकडं बघितलं, भीमण्णाकडं बघितलं, खाली आपल्या वेलाच्या घराकडं बघितलं. भीमण्णाला वाटलं होतं की ती आता काहीतरी बोलेल, ते आयुष्यभर कानात राहील. तिनं केरसुणी झाडाला टेकवली.

"किती वाजल्यात?" तिनं साहेबांना विचारलं. "मागावरची पयली पाळी सुटली असंल. टाळ घेऊन येतील तेवढी माणसं. त्यांना म्हनते, टाळ हितं ठेवा न् घमेली घ्या. वाळू कुटनं आणायची तेवढं सांगा." आणि जाता जाता भीमण्णाच्या अंगावरून जाताना, न थांबता, "बोलला बया शेवटी," एवढंच म्हणाली.

म्हणजे... तिला ठाऊक होतं? की आत्ता कळलं? त्याला विचारायचं होतं, पण तेवढ्यात तो पाराच्या दगडावर बसला आणि त्याला रडू फुटलं. आवाज न करता नाही. मोठ्यानं, तोंड उघडून, दवाखान्याच्या व्हरांड्यात जे यायला हवं होतं ते. खांदे हलत होते, टोपी खाली पडली होती. साहेब गोंधळले. शेजारी बसले.

"अहो भीमण्णा... मला कळतंय. वीस वर्षं वाढवलेलं झाड. आपण दुसरं लावू, बांधापासून लांब, तिकडं रस्त्याच्या कडेला. तुमच्याच हातानं लावू."

भीमण्णानं मान हलवली. झाड, व्हय. झाडच.

संध्याकाळी मोरीतून पाणी धबधबा कालव्यात पडत होतं, तो आवाज चौकीपर्यंत येत होता. खाली माणसांची साखळी लागली होती, पाराशी वाळूची घमेली हातोहात जात होती, वस्तीतली माणसं पत्र्याच्या पेट्या, कोंबड्या, अंथरुणं घेऊन माळाकडं चालली होती, आणि मुक्ताबाईचा आवाज मधूनच यायचा, कुणाला तरी रागावणारा, मध्येच कसल्याशा नामाचा. साहेबांनी त्याला घरी पाठवलं होतं. तासाभरानं या म्हणाले होते, मोरीवर तुमच्याशिवाय कोणी नको.

सावित्रम्मा जागी होती. दिवा लावलेला नव्हता.

"कसला गलका हाय?"

"पाणी सोडलंय."

"का?"

तो दारात उभा राहिला. हात मोकळे होते, तांब्या खिडकीतच होता. तिनं त्या मोकळ्या हातांकडं बघितलं, असं त्याला वाटलं, पण अंधारात सांगता येत नाही.

"सांजचं तीर्थ न्हाय आणलं," तो म्हणाला.

तिनं चादर पायांवर ओढून घेतली. मोरीचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, "पाय लई गार पडल्यात. बसा की जरा हितं."

त्यानं दिवा लावला. तिच्या पायथ्याशी बसला, पाय मांडीवर घेतले आणि चोळायला लागला. पाय इतके हलके होते की मांडीला त्यांचं ओझं कळेना. चोळताना त्याचं बोट जोडव्याशी अडलं. त्यानं दिवा जवळ घेतला. जोडव्याच्या आतल्या अंगाला दोरा गुंडाळलेला होता, बोटातून निसटू नये म्हणून. आणि तो एकच दोरा नव्हता — आत पांढरा, मळून काळा पडलेला, त्यावर हिरवा, त्यावर आणखी एक, अगदी नवा, चादरीच्या काठाचा लाल. एकेक थर, जसजसं बोट बारीक होत गेलं तसतसा. कधी बसत होती ती हे करायला? तो बांधावर असताना, पहाटे, दुपारी. त्याला दिसू नये म्हणून पाय पोटाशी ओढून.

अडीच महिने तो या घरात सकाळ-संध्याकाळ आला होता आणि तिच्याकडं वळून बघितलं नव्हतं. आता बघितलं. गालाची हाडं, कानाच्या पाळीत लोंबणारं भोक, कपाळावरचं हळदीच्या रंगाचं कातडं. ती आहे. आज आहे. उद्याचं त्याला काही कळत नव्हतं आणि पहिल्यांदाच कळावंसं वाटत नव्हतं. आत जिथं तो बांध उभा होता तिथं आता नुसती ओल होती, पसरत जाणारी, आणि तिला अडवायला त्याच्याकडं काही नव्हतं.

"जायचं न्हवं तुमास्नी मोरीवर?" ती म्हणाली.

"जातो."

तो उठला नाही. तिनं पाय काढून घेतले नाहीत.

बांधाचं पुढं काय झालं, ते मला विचारू नका. ते बोलायची वेळ ही नव्हे. इतका वेळ जवळ बसून ऐकलंत, तर एवढं करा. कधी कुण्या म्हाताऱ्या बाईच्या जोडव्याला दोरा गुंडाळलेला दिसला, तर क्षणभर थांबा, आणि सावित्रम्माची आठवण काढा.